पोटरीवरचा डाग

ये, बस इथे माझ्याजवळ. तो गोळ्यांचा डबा आण आणि ती कापडी पिशवीपण. उद्या पहाटेची लोकल गाठायची आहे, तेव्हा आठवड्याचे खण आत्ताच भरून टाकू. हात चालू राहिले की माझं तोंडही नीट चालतं.

रागावले नाही गं बायो. रागवायचं तोंड आहे कुठे मला? तू दोन दिवस गोळ्या चुकवल्यास. मी याहून मोठा शहाणपणा करून बसलेली बाई आहे, आणि आज तोच सांगणार आहे. पण आधी तुझं बघू. तुझ्या नवऱ्याने दुपारी मला गॅलरीत गाठलं. म्हणाला, ‘ताई, टॅक्रोलिमसच्या पट्टीत चार कॅप्सूल जास्त उरल्यात, हिशोब लागत नाही.’ बिचारा रोज मोजतो. स्वतःची किडनी काढून दिली आहे त्याने, मोजायचा हक्क आहे त्याला. आपल्याकडे बहुतेक घरांत बायका देतात आणि पुरुष घेतात. तुझ्या घरी उलटं झालं, त्याचं मला फार कौतुक आहे. त्याने तुला काही विचारलं नाही, कारण तू रडशील अशी त्याला भीती वाटते. मला नाही वाटत. रड.

मला वाटलंच होतं, ते चिठोरं वाचलंस ना? खोक्यातलं ते पतंगाच्या कागदासारखं पातळ, शंभर घड्यांचं. सगळ्यात वर चौकटीत ठळक लिहिलेलं असतं, की या औषधाने गंभीर संसर्गाचा आणि कॅन्सरचा धोका वाढतो. मग तू मोबाइलवर शोधलंस, आणि तिथे कसल्या कसल्या सार्कोमांची नावं निघाली. आणि मग तुला वाटलं, किडनी वाचवायला कॅन्सर विकत घेतेय की काय मी.

खोटं नाही लिहिलेलं त्यात. हे मी आधीच कबूल करते, नाहीतर ‘काही होत नाही गं’ म्हणणाऱ्या बायकांत तू मला धरशील. पण ते वाचायचं कसं, हे त्या चिठोऱ्यावर लिहिलेलं नसतं.

असं बघ. आपल्या जुन्या चाळीच्या जिन्यात ती खाष्ट म्हातारी बसायची, आठवते? कोण आलं, कोणाकडे चाललं, पिशवीत काय आहे, सगळं विचारायची. आपल्या अंगातली प्रतिकारशक्ती तशी आहे. तुझ्या नवऱ्याची किडनी तिच्या लेखी परकी. रक्तगट जुळला, सगळ्या तपासण्या जुळल्या, तरी परकीच. तिला मोकळी सोडली तर किडनीला बाहेर काढल्याशिवाय ती राहायची नाही. म्हणून आपण तिला सकाळ-संध्याकाळ गुंगी देतो. टॅक्रो, मायकोफिनोलेट, स्टिरॉइड, ही तिघांची मिळून गुंगी. आता म्हातारी पेंगते आहे म्हटल्यावर नव्या पाहुण्याला राहायला मिळतं, पण जिन्याखाली वर्षानुवर्षं गप्प पडून असलेला एखादा चोरही डोकं वर काढतो. काही विषाणू असेच अंगात दबून असतात. निरोगी माणसाला कळतही नाहीत. म्हातारी झोपली की मात्र त्यांना रान मोकळं.

आपल्यासारख्यांना जे विचित्र कॅन्सर होतात, त्यातले बरेच या जिन्याखालच्या मंडळींचे असतात. हे आज-कालचं ज्ञान नाही. १९५४ साली बॉस्टनला जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावाची जुळ्या भावाला. दोघांचं रक्तमांस एकच, म्हणून गोळ्यांची गरजच पडली नाही. मग गोळ्या निघाल्या, परक्याची किडनी टिकू लागली, आणि १९६८ पासून अमेरिकेत डेन्व्हरला इझ्राएल पेन नावाच्या सर्जनने एक वही घातली. प्रत्यारोपण झालेल्या कोणाला कॅन्सर झाला की त्यात नोंद. ती वही वाढत वाढत जगभरची नोंदवही झाली. चिठोऱ्यावरची ती चौकट अशा नोंदींतून आलेली आहे. कोणीतरी मोजत बसलं म्हणून आपल्याला कळलं, तुझा नवरा कॅप्सूल मोजतो तसंच.

आता आकडा सांगते, पण पूर्ण ऐक. अमेरिकेत पावणेदोन लाख प्रत्यारोपणांचा हिशोब २०११ साली प्रसिद्ध झाला. सगळे कॅन्सर मिळून धोका साधारण दुप्पट निघाला. आणि एका कॅन्सरचा धोका निघाला तब्बल ६१ पट. कापोसी सार्कोमा. तू वाचलेल्या नावांत तो असणारच. एकसष्ट म्हटलं की छातीत धस्स होतं, कबूल. पण ज्याच्या खिशात एक रुपया आहे त्याचे एकसष्ट झाले म्हणून तो सावकार होत नाही. मुळात इतका दुर्मिळ आजार, की एकसष्ट पट होऊनही दुर्मिळच राहतो. त्यातून त्याचा विषाणू दक्षिण इटली, सौदी अरेबिया, आफ्रिका इकडे जास्त, आपल्याकडे कमी. आपल्याकडे किडनीच्या डॉक्टरला कॅन्सरआधी क्षयाची काळजी असते.

तरी तो मला झाला.

हो. मलाच. बंद कर तो डबा क्षणभर, गोळ्या सांडतील.

तुम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. मावशीला ‘स्किनचं काहीतरी’ एवढंच माहीत आहे. माझी किडनी आईची, हे तर तुला ठाऊकच. ती बसवून पंधरा महिने झाले होते. मे महिना. डाव्या पोटरीवर, घोट्याच्या वर चार बोटं, एक डाग दिसला. करवंद चिरडून पुसलं तर कसा राहील, तसा. दुखत नव्हता, खाजत नव्हता. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, कुठे जरा आपटलं तरी काळंनिळं होतं, म्हणून मी म्हटलं पलंगाचा कोपरा लागला असेल. पण मुका मार रंग बदलत जातो गं. आधी निळा, मग हिरवट, मग पिवळा, आणि दोन-तीन आठवड्यांत गेलेला असतो. हा हलला नाही. बोटाने दाबलं तरी फिका पडायचा नाही. जून संपता संपता त्याच्याशेजारी दुसरा आला, हाताला किंचित उंच लागणारा. मग तिसरा.

मी काय केलं? मोजे घालायला लागले. डोंबिवलीत, पावसाळ्यात, घरात. सासूबाई म्हणाल्या, पाय गार पडतात का? मी हो म्हटलं. दर महिन्याला ओपीडीला जात होते, किडनीचं क्रिएटिनिन दाखवत होते, वजन करत होते, आणि डॉक्टरांनी ‘आणखी काही?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणून उठत होते. पायात मोजे.

का, ते विचार. मला कळलं नव्हतं असं नाही. मीही ते चिठोरं वाचलं होतंच की. मला वाटायचं, दाखवलं तर हे कॅन्सर म्हणतील. कॅन्सर म्हटलं की गोळ्या बंद करतील. गोळ्या बंद म्हणजे किडनी गेली. आणि ती माझी थोडीच होती? आईच्या कुशीत एवढा लांब व्रण आहे. त्या वर्षी ती वाकून केर काढायला लागली की हात कमरेवर जायचा. तिला जाऊन सांगू, की तू दिलेलं मी घालवलं? त्यापेक्षा डाग बरा, असं माझं गणित. बघ, तू भीतीने गोळी टाळलीस आणि मी भीतीने डाग लपवला. उलट टोकाच्या बहिणी आपण.

दिवाळीत उघडं पडलं. नरक चतुर्दशीला पहाटे आईने पाटावर बसवलं, उटणं लावायला. मी म्हटलं, पाय माझे मी लावते. ती कसली ऐकते? अंधारच होता अजून, पणती पायाजवळ होती. तिचा हात पोटरीवर थांबला. म्हणाली, हे कधीपासून? मी म्हटलं, आपटलं गं. ती म्हणाली, ‘लहानपणी तू रोज धडपडायचीस. धडपडलेलं मला ओळखता येतं.’ एवढंच. मग पुन्हा तेल चोळायला लागली, जरा जास्तच जोरात.

भाऊबीज झाली आणि आम्ही दवाखान्यात. डॉक्टरांनी डाग दाबून पाहिले, मग टॉर्च घेऊन तोंडात पाहिलं. टाळूवर एक जांभळा ठिपका होता, मला पत्ताही नव्हता. मांडीच्या सांध्यातल्या गाठी चाचपल्या. कातडीचा तांदळाएवढा तुकडा काढला, वर एक टाका, झालं, इंजेक्शन दुखतं तेवढंच. तो तुकडा तपासायला गेला. फुप्फुसाचा स्कॅन झाला, दुर्बिणीने पोट पाहिलं, कारण हा आजार आतही बसतो. आणि आणखी एक रक्ततपासणी लिहून दिली. एचआयव्ही.

त्याचं कारण मला नंतर कळलं. हा आजार पहिल्यांदा नोंदवला मोरिट्झ कापोसी या त्वचेच्या डॉक्टरने, व्हिएन्नात, १८७२ साली. पुढे शंभर वर्षं तो कोपऱ्यातला, म्हाताऱ्या पुरुषांच्या पायांवरचा आजार म्हणून पुस्तकात पडून राहिला. १९८१ मध्ये अमेरिकेत तरुण मुलांना तो धडाधड होऊ लागला, आणि एड्स जगासमोर आला तो न्यूमोनियाच्या एका प्रकारासोबत या डागांतून. तेव्हापासून डागाचं नाव निघालं की एड्सचं नाव निघतं. खरा गुन्हेगार १९९४ साली सापडला. न्यूयॉर्कमध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर, नवरा-बायको दोघं, त्यांनी शोधला. नागिणीच्या विषाणूच्या घराण्यातला आठवा. म्हातारी कशाने झोपली याच्याशी त्याला देणंघेणं नाही, एड्सने झोपली काय आणि टॅक्रोने झोपली काय.

पण हे सासूबाईंना कोण सांगणार? नणंदेने आजाराचं नाव मोबाइलवर टाकलं आणि तिला दिसायचं तेच दिसलं. चार दिवस माझा पाण्याचा ग्लास वेगळा होता. स्टीलचा, काठाला पोचा आलेला. अगं, ग्लासाने एचआयव्ही लागत नाही हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण घाबरलेल्या माणसाला शाळा आठवत नाही. रिपोर्ट आला, एचआयव्ही नव्हता. ग्लास परत मांडणीत गेला. त्या विषयावर घरात पुन्हा कोणी बोललं नाही, मीही नाही. पण तो ग्लास मी अजून ओळखते.

तुझ्यावर कधी अशी वेळ आली, आणि येऊ नये, तर ती तपासणी लिहून दिली म्हणून डॉक्टर तुझ्याबद्दल काही सुचवतायत असं मनात आणू नकोस. ती करायलाच हवी असते.

असो. मुद्द्याचं. निदान पक्कं झाल्यावर मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो कॅन्सरचा नव्हताच. ‘आईची किडनी?’ एवढाच. ते म्हणाले, दोन्ही वाचवायचा प्रयत्न करू, तारेवरची कसरत आहे. मला वाटलं होतं केमो, केस जाणार, वगैरे. त्यांनी आधी काय केलं, तर म्हातारीची गुंगी उतरवली, थोडी थोडी. मायकोफिनोलेट आधी निम्मं, मग बंद. आणि टॅक्रो काढून त्याजागी दुसरी गोळी दिली, सिरोलिमस. ती म्हातारीला पेंगत ठेवते, पण या गाठींना नव्या रक्तवाहिन्या फुटायला लागतात ना, त्यांच्यावरही तीच लगाम घालते. हा आजार रक्त आणि लसिका वाहणाऱ्या नळ्यांच्या अस्तरातलाच, म्हणून तर रंग जांभळा. त्यामुळे औषध नेमकं मुळावर बसतं. इटलीत बारी गावच्या डॉक्टरांनी २००५ साली छापलं होतं, की किडनी बसवलेल्या १५ जणांना हा आजार झाला, सगळ्यांना सिरोलिमसवर नेलं, तीन महिन्यांत सगळ्यांच्या कातडीवरचे डाग गेले. पंधरापैकी पंधरा. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आई शेजारी होती. तिला सिरोलिमस म्हणता येईना, ती ‘ती इटलीची गोळी’ म्हणायची.

इटलीची नाही ती. तिची गोष्ट तुला आवडेल. ईस्टर बेट म्हणून समुद्रात कुठल्या कुठे एक बेट आहे, दगडी तोंडांच्या पुतळ्यांचं. तिथली माती १९६४ साली निघालेल्या एका कॅनडाच्या तुकडीने आणली. त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत हे औषध वेगळं काढलं सुरेन सहगल या आपल्याकडच्या शास्त्रज्ञाने. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाला रापामायसिन म्हटलं. कंपनीने ती प्रयोगशाळाच बंद केली, तेव्हा सहगलांनी तो जिवाणू घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवला, वर लिहिलं ‘खाऊ नये’. काही वर्षांनी नव्या साहेबांना पटवून काम पुन्हा सुरू केलं. १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी बसवलेल्यांसाठी त्याला परवानगी मिळाली. माझ्या फ्रीजमध्ये काही जुनं राहिलं की मी पूर्वी बोलायचे, आता टाकताना दोनदा बघते.

गोळी गुणाची, पण स्वभावाने तिखट. तोंडात फोड आले, दोन महिने दहीभातावर होते. कोलेस्टेरॉल वाढलं. लघवीतलं प्रोटीन बघत राहावं लागतं. आणि गुंगी उतरवल्यावर म्हातारी किडनीवर धावून जाते का, हे बघायला आठवड्याला क्रिएटिनिन. तो रिपोर्ट उघडताना हात थरथरायचे. १.३, १.४, १.४, एकदा १.६ झाला आणि आईने जेवण सोडलं. पुन्हा खाली आला.

होळीपर्यंत डाग सपाट झाले. पुढच्या गणपतीपर्यंत चहाचा डाग धुऊन राहतो तसे. अजून आहेत, बघ. हे तीन. हात लाव, लाव गं, काही होत नाही.

आता एक सांगते आणि ते कानाआड करू नकोस. सगळ्यांचं माझ्यासारखं होत नाही. फुप्फुसात किंवा आतड्यात गेला तर गोष्ट वेगळी. काहींना केमो लागते, काहींना गोळ्या इतक्या कमी कराव्या लागतात की किडनी जाते आणि परत डायलिसिसवर यावं लागतं. मी इतके महिने मोजे घालून फिरले आणि तरी सुटले, यात माझी हुशारी शून्य. माझ्या वाट्याला तो मंद आला, एवढंच.

म्हणून तुला गोळ्यांची भीती घालत नाहीये मी. गोळी चुकवून कॅन्सर टळत नाही बायो, किडनी तेवढी जाते. गुंगी किती द्यायची हे कमी-जास्त करता येतं, पण ते रक्तातल्या औषधाची लेव्हल बघून, डॉक्टरने. तू स्वयंपाकघरात उभी राहून नाही. मग तुझं काम काय? बघणं. महिन्यातून एकदा, पाळीची तारीख लक्षात ठेवतेस तशी तारीख ठरव. आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात. पोटऱ्या, तळवे, बोटांच्या बेचक्या, पाठ नवऱ्याला बघायला सांग, लाजू नकोस, त्याने तुझ्यासाठी पोट फाडून घेतलंय. तोंड आरशात टॉर्च लावून, टाळू, हिरड्या. आपल्या सावळ्या रंगावर जांभळं जांभळं दिसत नाही, तपकिरी-काळं दिसतं. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात, त्यांच्यावर जाऊ नकोस. तीन आठवडे न हललेला कुठलाही डाग दाखवायचा. एकाच पायावर सूज राहिली तरी सांगायचं.

आणि गाठ. सार्कोमा म्हणजे बहुतेककरून स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, अशा मऊ भागांतून उठणारे कॅन्सर. कापोसी त्यातलाच, जरा वेगळ्या चालीचा. बाकीचेही दुर्मिळच. आपल्यासारख्यांत स्नायूंच्या गाठींचा एक प्रकार दुसऱ्या एका विषाणूमुळे होतो, तोही क्वचितच. बहुतेक गाठी चरबीच्या, निरुपद्रवी असतात. पण वाढत जाणारी, खोल बसलेली, मोठ्या लिंबाएवढी झालेली गाठ असेल तर गावातल्या डॉक्टरकडून ‘छोटीशी आहे, काढून टाकू’ म्हणत कापून घेऊ नकोस. आधी स्कॅन, आधी तुकडा तपासणं, मग काय ते. उगाच कापलेली गाठ पुढच्या सर्जनचं काम अवघड करते. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, या सगळ्यांपेक्षा जास्त दिसतो, म्हणून मान, काख, जांघ इथे गाठ टिकून राहिली, कारण नसताना ताप आणि वजन उतरणं असलं, तर तेही सांग. आणि गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी, ती आपण बायका नेमकी विसरतो. तुझ्या ओपीडीत कोणी आठवण केली नाही तर तू कर.

खाण्यातलं सांगते आणि सोडते. गणपतीत कोकणातून पपनस येईल. आरतीला ठेव, खाऊ नकोस. पपनस आणि ग्रेपफ्रूट टॅक्रोची लेव्हल चढवतात, संत्रं-मोसंबं तसं नाही. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे कोणी आणून दिले तर हात जोड. आपल्याला वाढवायची नाहीये ती, हे लोकांच्या डोक्यात शिरतच नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचं केवढं खूळ होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. वाद त्यांचा त्यांनी घालावा, आपण लांब राहावं. केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक नाही, फंगसची गोळीसुद्धा नाही. त्यांतल्या काही लेव्हल आभाळाला नेतात, आणि क्षयाची एक गोळी पार तळाला.

आईला? तिला मीच सांगितलं, सगळं, मोज्यांसकट. मला वाटलं होतं रडेल. ती चिडली. ‘किडनी दिली ती तू जगावंस म्हणून, तू तिलाच जपत बसलीस होय गं?’ आता गुहागरहून रोज फोन येतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, ‘माझी कशी आहे?’ मी म्हणते, तुझी १.४ आहे. मग ती माझी चौकशी करते.

तू आज रात्रीची घेतलीस, पाहिलं मी. चुकलेल्या चार आता एकदम घ्यायच्या नाहीत हं, त्या पिशवीत राहू दे, उद्या डॉक्टरांना दाखव आणि स्वतःच्या तोंडाने सांग, दोन दिवस घेतल्या नाहीत, भीती वाटली म्हणून. ओरडतील थोडे. लेव्हलची चिठ्ठी आहे ना उद्याची? मग हा सकाळचा खण घरी उघडू नकोस. तो डबा पर्समध्ये टाक, रक्त देऊन झालं की तिथेच घे. आधी घेतलीस तर लेव्हल उगाच जास्त येते आणि सगळा गोंधळ.

झालं भरून. आता पाय वर घे. सलवार वर कर, लाजतेस काय, न्हाऊ घातलंय तुला मी. थांब, टॉर्च लावते.

हा कसला गं, नडगीवर? इस्त्रीचा? कधीचा? परवाचा म्हणतेस. बरं, असेल. तो रुपया दे टेबलावरचा, शेजारी ठेव. फोटो काढून ठेवते. नाण्यामुळे माप कळतं. पुढच्या महिन्यात असाच अजून एक काढ आणि मला पाठव.